आसरांवरची माती

लालमहंमद साहेब कामावर कुणाच्याही हातचा चहा घेत नसत. पाणीसुद्धा नाही. आणि साहेब घेत नाहीत म्हटल्यावर त्यांच्या ड्रायव्हरने कुठल्या तोंडाने घ्यायचा? बहात्तरच्या दुष्काळात पारनेर तालुक्यातल्या कितीतरी तळ्यांवर मी त्यांची जीप नेली, पण एकाही कामावर चहाने माझा घसा ओला झाला नाही. साहेबांच्या भिंगारच्या घरून निघताना सुरय्याभाभी भाकरीचा डबा आणि फिरकीचा तांब्या हातात देत, तेवढ्यावर दोघांनी दिवस काढायचा. मी कुरकुरलो की साहेब हसून म्हणायचे, "कानिफ, आज चहा घेतला की उद्या त्यात साखर जास्त पडते. परवा दूधही जास्त. मग ही सळई हाताला जड व्हायला लागते."

सळई हे त्यांचं हत्यार. लांब, लोखंडी, एका टोकाला अणकुची काढलेली, दुसऱ्या टोकाला लाकडी मूठ. मातीच्या बांधावर चढायचं, मनाला येईल तिथे ती उभी धरायची आणि अंगाचा भार टाकायचा. माती नीट दाबलेली असेल तर सळई बोटभर जाऊन थांबते. भुसभुशीत असेल तर पिठात बोट रुतावं तशी खाली जाते. कुठे टोचणार हे ते आधी कुणालाच सांगत नसत, मलाही नाही.

साहेबांची नोकरी लोकांना समजावून सांगताना माझी दरवेळी पंचाईत व्हायची. लष्कराच्या बांधकाम खात्यातून ते निवृत्त झालेले. फुटलेली तळी पुन्हा बांधायला एक परदेशी संस्था गहू आणि तेलाचे डबे देत होती. गावाने काम करायचं आणि मजुरीत धान्य न्यायचं. पण देणाऱ्यांची एक अट होती. काम पक्कं झालंय की नाही हे अशा माणसाने पाहायचं, जो सरकारचा नाही, गावाचा नाही आणि काम करवून घेणाऱ्यांचाही नाही. त्याने सही केली तरच नगरच्या गोदामातून पुढचा ट्रक सुटणार. असा कुणाचाच नसलेला माणूस म्हणजे आमचे साहेब. सगळे त्यांना वाकून नमस्कार करायचे आणि मनातून कुणालाच ते नको असायचे.

कवठदऱ्याचं तळं दुष्काळाच्या आधी, एका मुसळधार पावसात फुटलं होतं. बांधाला भगदाड पडलं आणि खालच्या अंगाची घरं वाहून गेली. राहीबाईची लेक मनकर्णा गोठ्यातल्या शेळ्या सोडायला धावली, ती शेळ्यांसकट गेली. लग्न ठरलेलं होतं तिचं. आता तेच भगदाड परदेशी गव्हावर बुजवायचं काम निघालं होतं आणि राहीबाई बायकांच्या रांगेची म्होरकी होती. हाडापेराने उंच, आवाज घोगरा, बोलणं तोडून टाकल्यासारखं. नवरा मागेच गेलेला. मुलगा भीमा काम शोधत साखर कारखान्याकडे गेलेला. घरी सून छबू, तिला दिवस गेलेले. आणि घर कुठे? बांधाच्या खाली, जिथून मागचं वाहून गेलं होतं तिथेच. दुसरी जागा होती कुणाकडे? बाकीच्यांसाठी ते रोजच्या धान्याचं काम होतं. राहीबाईसाठी तसं नव्हतं. बांध पुन्हा फुटला तर या खेपेला पाण्याच्या वाटेत छबू आणि तिचं पोर होतं.

मातीचा बांध कसा घालतात ते मी साहेबांच्या मागे हिंडून शिकलो. काळी चिकण माती वीतभर पसरायची, टँकरचं पाणी शिंपडायचं आणि ती ओली माती तुडवायची. तुडवून घट्ट झाली की वर दुसरा थर. एरवी हे काम बैलांचं. पण बैल तेव्हा छावणीत शेवटच्या घटका मोजत होते, आणि रोलर तर त्या गावाने पाहिलाही नव्हता. म्हणून माणसंच तुडवायची. बायका एकमेकींच्या कमरेत हात घालून रांग करायच्या आणि बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाय आपटत जायच्या, परत यायच्या. पुढे राहीबाई. तिने घोगऱ्या आवाजात "हाण पाय!" म्हटलं की सगळ्या रांगेचा पाय एकदम पडायचा.

होळीच्या सुमारास आम्ही कवठदऱ्याला गेलो, तेव्हा बांध पुरुषभर वर आला होता. साहेबांनी दहा ठिकाणी सळई घातली असेल, सगळीकडे बोटभर जाऊन थांबली. साहेब खूश. मुकादम गोरक्षनाथ तर आधीच खूश. हा गोरक्षनाथ गावातला वजनदार माणूस, पण लबाड नव्हता. पाव शेर गहू कुणाचा इकडचा तिकडे झाला नाही त्याच्या हाताखाली. साहेब जीपकडे निघाले, मी इंजिन चालू केलं, आणि एवढ्यात साहेब थांबून मागे बघायला लागले.

"कानिफ, ती रांग बघ."

मी बघितलं. मला बायकांची रांग दिसली, दुसरं काय दिसणार?

"मधे आली की वळते," साहेब म्हणाले.

खरंच वळत होती. बांधाच्या साधारण मध्यावर आली की सगळी रांग एका बाजूने वाकायची, काहीतरी चुकवायची आणि पुन्हा सरळ व्हायची. मुंग्यांच्या वाटेत पाण्याचा थेंब पडला की मुंग्या वळतात तशी. येतानाही तेच, जातानाही तेच. जवळ जाऊन पाहिलं तर तिथे हिरव्या बांगड्या, हळदकुंकू आणि खणाचा तुकडा. एवढ्या खेपा घातल्या होत्या आम्ही, तो खण दर खेपेला दिसायचा. पूजेची जागा म्हणून साहेब तिथे कधी फिरकले नव्हते.

"तिथं पाय देत न्हाईत, साहेब," गोरक्षनाथने सांगितलं. "खाली साती आसरा हायेत."

आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात देवी. आपल्याकडे कुठल्याही डोहाच्या काठी त्यांचे शेंदूर लावलेले सात दगड असतात. कवठदऱ्याचे सात दगड नेमके भगदाडाच्या बुडाशी होते. तेही एका ओळीत, पाण्याच्या अंगाकडून गावाच्या अंगाकडे, बांधाच्या आरपार. काम सुरू करताना गावाने ठरवलं की देवी हलवायच्या नाहीत, बांध त्यांच्यावरूनच न्यायचा, पण त्यांच्या डोक्यावर पाय द्यायचा नाही. मग दर थराला त्या ओळीवर ओंजळीने अलगद माती टाकायची, हळदकुंकू वाहायचं, आणि तुडवताना रांगेने वळून जायचं. बुडापासून वरपर्यंत, एका खाटेएवढ्या रुंदीची माती कुणी तुडवलेलीच नव्हती.

साहेबांचा चेहरा उतरला. "जुना बांध घातला तेव्हाही असंच केलं होतं?"

"व्हय. आमच्या बापजाद्यांनी बी पाय न्हाई दिला."

"आणि फुटला कुठे?"

"हितंच की," गोरक्षनाथ म्हणाला. "त्या साली धनगराची मेंढरं ह्यांच्यावरनं गेल्ती. कोप झाला. म्हून तर ह्या बारीला आमी लई जपतो."

मला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. जिथे माती कच्ची तिथे बांध फुटला, आणि फुटला म्हणून गाव आता तिथली माती दुप्पट जिवाने कच्ची ठेवत होतं. यात कुणाची फसवणूक नव्हती, चोरी नव्हती. चोर असता तर साहेबांनी त्याला एका दमात सरळ केलं असतं. इथे सगळे हात जोडून उभे होते.

"ही ओळ उकरावी लागेल," साहेब म्हणाले. "पार दगडांपर्यंत. आणि पुन्हा थर देऊन तुडवावी लागेल. तोवर मला सही करता येणार नाही."

झालं. तिथून कवठदऱ्याचे वाईट दिवस सुरू झाले.

आधी समजुतीच्या गोष्टी झाल्या. साहेब म्हणाले, देवींना मानाने उचलून तळ्याच्या काठावर नेऊ या, छोटं देऊळ बांधू या. गावाने भगताला विचारलं. भगत म्हणाला, आसरा वाहत्या पाण्यातूनच जागा सोडतात, कोरड्यात हलवल्या तर गाव सोडून जातात. साहेबांनी टँकर आणायची तयारी दाखवली, म्हणाले हवं तेवढं पाणी वाहवू. तर भगताने मान हलवली. "टँकरच्या पान्याला आसरा भुलत्यात व्हय?" आता ह्यावर साहेबांनी काय बोलावं? मी तोंड फिरवून हसलो. गाडीत बसल्यावर साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढे कितीतरी मैल मी रस्त्यावरून नजर काढली नाही.

मग काम करवून घेणाऱ्यांचे इंजिनिअर आले. ते साहेबांना बाजूला घेऊन म्हणाले, "खाटभर मातीसाठी एवढं ताणू नका. बाकीचा बांध उत्तम आहे."

"पाणी बाकीच्या बांधातून जाणार नाही," साहेब म्हणाले. "ते खाटभर जागाच शोधतं."

कुणीतरी मागून बोललं, ऐकू जाईल अशा बेताने, "मुसलमान मानूस. आमच्या देवीवर पाय द्या म्हनतोय. मशिदीवर म्हनंल का?" साहेबांनी ऐकलं. कानशिलं लाल झाली त्यांची. पण ते वळले नाहीत. त्यांच्या अब्बांनी नगरजवळच्या एका दर्ग्याची पडकी भिंत स्वतःच्या हातांनी बांधून दिली होती आणि त्याच गल्लीतल्या देवळाचा ओटाही. हे मला ठाऊक होतं, गावाला नव्हतं. आणि सांगून काही उपयोग होता असंही नाही.

सही नाही म्हणून ट्रक नाही. घरातला गहू संपला. लोक चिंचोके भाजून खायला लागले. आधी पोरं रडायची, मग रडायचीही बंद झाली, हे जास्त वाईट. म्हातारी बनुबाई एका दुपारी भिंतीला टेकली ती उठलीच नाही. कुणी म्हणालं वयाने गेली, कुणी म्हणालं साहेबाने मारली. आमची जीप दिसली की लोक पूर्वी पुढे यायचे, आता दारं लोटून घ्यायचे.

मीही माणूसच. परतीच्या वाटेवर मी साहेबांशी भांडलो. म्हटलं, "साहेब, करून टाका सही. नगरला बसलेल्या लोकांना काय कळतंय? माणसं उपाशी मरायला लागली."

साहेब बाहेर बघत म्हणाले, "कानिफ, मी सही केली तर गहू येईल. लोक खातील, अंगात ताकद येईल, बांध पुरा होईल. मग पाणी येईल, आणि गहू खाल्लेली तीच माणसं वाहून जातील. तू सांग, कुठे करू सही?"

मी गिअर बदलला. माझा त्यांच्यावरचा राग काही गेला नाही. त्या दिवशी साहेबांनी सुरय्याभाभींचा डबा उघडलाही नाही, तसाच परत नेला.

पुढच्या खेपेला आम्ही गेलो तर बांधावर चिटपाखरू नव्हतं. काम बंद. एकटी राहीबाई खाली लिंबाच्या सावलीत बसली होती. साहेबांना पाहून ती उठली आणि सरळ समोर आली. गावातलं कुणी त्या दिवसांत साहेबांच्या समोर येत नव्हतं.

"साहेब, एक इचारते. खरं सांगा. तवा फुटलं ते देवीच्या रागानं फुटलं, का मातीनं?"

"राहीबाई, देवीचा राग मला कळत नाही. ते मी खोटं सांगणार नाही. मला माती कळते."

"मंग मातीचं सांगा."

साहेबांनी सळई तिच्या हातात दिली. दोघं बांधावर चढले, मागे मी. आधी त्यांनी तिला तुडवलेल्या जागी सळई घालायला सांगितली. राहीबाईने सगळा जोर लावला, बोटभर गेली आणि थांबली. मग ती स्वतःच खणाजवळ गेली. हात जोडले, बांगड्या बाजूला सारल्या आणि सळई टेकवली. जोर लावायची वेळच आली नाही. सळई मुठीपर्यंत आत गेली आणि राहीबाई तिच्यासोबत खाली बसली.

ती रडली नाही. तिने सळई ओढून बाहेर काढली, पुन्हा घातली. पुन्हा काढली, पुन्हा घातली. मला बघवेना. चार वर्षं त्या बाईला गावाने सांगितलं होतं की तुझ्या लेकीला देवीने नेलं, आणि देवीने नेलं म्हटल्यावर बोलणंच खुंटतं, दुःखाला एक जागा मिळते. आता तिला कळत होतं की मनकर्णा खाटभर भुसभुशीत मातीपायी गेली. तिच्यासारख्याच बायकांनी श्रद्धेने ओंजळी भरभरून टाकलेल्या मातीपायी.

"मला बी टाकाया लावली हुती ही माती," ती म्हणाली. "म्होरकी म्हून पैली ओंजळ माझीच हुती."

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा सगळं गाव बांधाखाली जमलेलं आणि राहीबाई वर. तिने पदर खोचला होता. खण, बांगड्या उचलून कपाळाला लावल्या आणि बाजूच्या दगडावर ठेवल्या. मग तिने मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आयांनो, माझी लेक तुमी न्हेली न्हाई, हे मला कळलंय. इतकी वर्सं तुमच्यावर आळ घातला, माफी करा. आता तुमच्या डोक्यावर पाय पडंल तो माझा एकलीचा. काय व्हायचं ते मलाच हू द्या."

"राहीबाई, खाली ये," गोरक्षनाथ ओरडला. "घरात पोटुशी सून हाय तुझ्या!"

"तिच्यासाटीच चढलेय वर," राहीबाई म्हणाली आणि तिने खोरं उचललं.

ती ओळ तिने एकटीने उकरली. दगड लागायला आले तशी खोरं टाकून हाताने माती काढली. शेंदराचे सात दगड दिसले, तेव्हा तिने त्यांना पाण्याने धुतलं, कुंकू लावलं, भोवती चिकण माती थापली आणि वीतभर थर टाकला. मग त्यावर उभी राहिली. पहिला पाय आपटला तेव्हा खाली उभ्या बायकांनी तोंडाला पदर लावले. "हाण पाय!" ती स्वतःलाच म्हणायची आणि पाय हाणायची. मागे रांग नव्हती. उपाशी बाई, किती जोर असणार? पण त्या दिवशी आणि पुढचे कित्येक दिवस तिचा पाय पडत राहिला.

साहेबांना तिथे उभं राहवेना आणि जाववेना. ज्या कामावर सही करायची त्या कामाला आपला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. दर थराला सळई घालायची आणि बाजूला व्हायचं, एवढंच ते करू शकत होते. मी टँकरवरून पाण्याच्या बादल्या वाहिल्या. पाय काही मी दिला नाही. उगाच शौर्य सांगत नाही.

आणि गावाचं काय? अडवलं कुणीही नाही. देवीचा एवढा पुळका होता तर अडवायला हवं होतं ना? हात धरून खाली ओढायला कितीसा वेळ लागला असता? पण गहू सगळ्यांना हवा होता. पाप एकीच्या पायाला लागणार आणि गहू घरोघर येणार, असं परस्पर जमत असेल तर कुणाला नको असतं? सगळे खाली उभे राहून चुकचुकत होते, हळहळत होते, आणि माती वर येतेय का ते बघत होते.

ओळ बाकीच्या बांधाच्या उंचीला आली. साहेबांनी शेवटची सळई घातली. बोटभर गेली, थांबली. जीपच्या बॉनेटवरच त्यांनी सही केली. तिसऱ्या दिवशी ट्रक आला. लोकांनी पोती उतरवली, गोरक्षनाथने राहीबाईच्या वाटणीचं धान्य तिच्या दाराबाहेर ठेवलं. आत कुणी गेलं नाही.

त्याच आठवड्यात छबू बाळंत झाली. मूल मेलेलं आलं. मुलगा होता.

गावाला हवं होतं ते मिळालं. आसरांनी वसूल केलं, असं जो तो म्हणायला लागला. आम्ही रस्त्याने जाताना दोनदा ऐकलं. साहेबांनी गाडी राहीबाईच्या घराकडे घ्यायला लावली. ती दारात गहू निवडत होती. आत अंधारात छबू भिंतीकडे तोंड करून पडलेली. साहेब उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"राहीबाई, हे देवीने केलेलं नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "धान्य मी अडवलं होतं. त्या दिवसांत छबूच्या पोटात काय गेलं ते मला माहीत आहे. हे माझ्या सहीपायी झालं. लोकांना मी सांगतो तसं."

"मला ठावं हाय," राहीबाई म्हणाली. सुपातली बोटं थांबली नाहीत. "चिंचोक्यावर पोर वाढत न्हाई. पर तुमी सही केली असती तर?"

"तर बांध फुटला असता. आज ना उद्या."

"मंग ती बी गेली असती आन् पोर बी." तिने सूप खाली ठेवलं. "गप ऱ्हावा, साहेब. मी बी गप ऱ्हाते. छबूला ह्यातलं काय बी सांगू नगा. तिला वाटतंय माझ्या पायानं झालं. वाटू द्या. माझ्यावर राग धरून तरी उठंल, चार घास खाईल. तुमच्यावर राग धरला तर ती गव्हाला शिवायची न्हाई."

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. आतून छबू म्हणाली, "कोन आलंय?" राहीबाई म्हणाली, "कोन न्हाई, वाटसरू हायेत." आम्ही परत फिरलो. भिंगार येईपर्यंत साहेब रडत होते आणि मी आरसा दुसरीकडे वळवून ठेवला होता.

त्या वर्षी पाणी आलं ते तसंच धो-धो आलं. आदल्या रात्री सुपा घाटाकडे ढगफुटीसारखा पाऊस झाल्याचं कळलं तेव्हा साहेबांनी नमाज आटोपला आणि मला उठवायला माणूस पाठवला. आम्ही पोचलो तर तळं काठोकाठ भरलेलं, सांडव्यावरून लाल पाणी उड्या मारत चाललेलं. बांध जागच्या जागी. खालच्या अंगाला ओलसुद्धा फुटली नव्हती. खालची घरं कोरडी उभी होती आणि त्यातल्या एका घरातून धूर निघत होता.

गावाने केवढा थाट केला! आसरांसाठी तळ्याच्या काठावर देऊळ उठलं, भगताने जागा सांगून नवे सात दगड मांडले, देवी पाण्यातून तिकडे आल्या म्हणे, आता पाणी होतं ना. धान्य देणाऱ्या संस्थेचा गोरा पाहुणा आला, त्याला फेटा बांधला. एवढा भक्कम बांध कुणामुळे झाला, असं त्याने दुभाष्याकडून विचारलं. गोरक्षनाथने दोन्ही हात वर जोडले. "देवीची कृपा. पाय लागूनसुदिक तिनं गावाला सांभाळलं." पाहुण्याने देवळाचे फोटो काढले. मी साहेबांकडे पाहिलं. ते बोलणार असं मला वाटलं, त्यांचे ओठ हललेही. पण गर्दीत मागे छबू उभी होती, जरा सावरलेली, कडेवर शेजारणीचं पोर. साहेबांनी ओठ मिटले. राहीबाईचा शब्द त्यांना मोडवला नाही.

राहीबाईला कुणी बोलावलं नव्हतं. तिने पाय दिला म्हणून तिची घागर तळ्यात बुडवू देत नव्हते. पाणी बाटतं म्हणे.

समारंभ उरकल्यावर साहेब सळई घेऊन बांधावर गेले. पाणी उभं राहिल्यावर एकदा पाहायचं असतं, त्यानंतर त्यांचं काम संपतं. बांधाच्या माथ्यावर लोकांच्या जाण्यायेण्याने पायवाट पडली होती. देवींना आता नवं देऊळ मिळालं होतं, खाली नुसते जुने दगड उरले होते, तरी ती वाट मध्यावर येऊन वळत होती, त्या बायकांच्या रांगेसारखीच. आणि त्या वळणाच्या आतून एक बारीक वाट सरळ गेली होती. तिच्यावर गवत दबलेलं होतं, एकाच माणसाच्या पावलांनी.

साहेबांनी त्या सरळ वाटेवर सळई घातली. बोटभर गेली आणि थांबली.

एवढ्यात पलीकडून राहीबाई आली. डोक्यावर भरलेली घागर. ओढ्यापलीकडच्या खालच्या वाडीच्या विहिरीवरून ती पाणी आणत होती, मैलभर लांबून. मध्यावर आली, वळली नाही, सरळ आमच्यासमोर येऊन उभी राहिली.

"राहीबाई, थोडं पाणी द्या," साहेब म्हणाले.

"माझ्या हातचं?" तिने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "तुमी तर कामावर कुनाचंच घेत न्हाई म्हनं."

"काम झालं."

तिने घागर उतरवली आणि वाकवली. साहेब उकिडवे बसून ओंजळीने प्यायले. खूप प्यायले, तहान लागल्यापेक्षा जास्त. मग मीही ओंजळ पुढे केली. दोघांचं होईपर्यंत घागर जवळजवळ रिकामी झाली. साहेब ओशाळले, म्हणाले, "तुमची खेप वाया गेली."

"ऱ्हाऊ द्या," राहीबाई म्हणाली. "माती ऱ्हायली ना जागेवर."

बांधाच्या एका अंगाला तुडुंब तळं होतं. तिने उरलेलं पाणी पायांवर ओतून घेतलं, घागर काखेत मारली आणि पुन्हा खालच्या वाडीच्या विहिरीकडे निघाली. जातानाही ती सरळच गेली.